निरोपाचे पर्यावरण : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

पर्यावरणाचा विचार आपल्या घरांत शिरला तो बहुधा कापडी पिशवीच्या रूपाने. मग ओला आणि सुका कचरा वेगळा झाला, गणपती शाडूचा झाला, खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करण्याची मुलांना सवय लागली. या सगळ्या सवयी वस्तूंबद्दलच्या आहेत. माणसांपाशी आलो की आपण त्या दाराबाहेर काढून ठेवतो. विजेचे बिल निगुतीने राखणारा माणूस स्वतःची झोप बिनदिक्कत उधळतो. कोथिंबिरीचे देठही वाया न जाऊ देणाऱ्या घरातले दोन भाऊ बांधाच्या वादावरून वर्षानुवर्षे बोलत नाहीत. वस्तूंच्या बाबतीत अंगवळणी पडलेला हा विचार स्वतःच्या स्वास्थ्याला आणि नात्यांना लावला तर काय हाती येते, आणि तो कुठे लावू नये, हे नीट तपासणारे एक अभ्यासक्षेत्र गेल्या तीन-चार दशकांत आकाराला येत आहे. त्याचे एकच ठरलेले नाव नाही. कोणी पर्यावरण-मानसशास्त्राच्या वाटेने तिथे पोहोचते, कोणी शोकाच्या अभ्यासातून, कोणी उपशामक वैद्यकातून, तर कोणी नदीच्या पाण्याचे नमुने तपासता तपासता. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या मराठी वाचकाचे स्वागत करावे आणि त्याला आतली रचना दाखवावी, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

प्रवेशासाठी मी काशीचा मणिकर्णिका घाट निवडला आहे, आणि त्याला कारण आहे. नाती आणि निसर्ग यांचा हिशेब एरवी वेगवेगळ्या वह्यांत राहतो. मणिकर्णिकेवर तो एकाच जागी, एकाच दिवशी मांडावा लागतो. लाकूड किती घ्यायचे, राख कुठे जाणार, अग्नी कोणाकडून आणायचा हे प्रश्न तिथे शोकाकुल मुलाला उभ्या उभ्या सोडवावे लागतात.

मराठी माणसाला हा घाट परकाही नाही. अठराव्या शतकात त्याच्या पक्क्या बांधणीला पेशव्यांचा हात लागला आणि १७९१ च्या सुमारास अहिल्याबाई होळकरांनी तो नव्याने बांधून काढला. झाशीच्या राणीचे माहेरचे नाव या घाटाचेच. एकनाथांनी आपले भागवत १५७३ साली याच नगरीत पूर्ण केले. मणिकर्णिकेला लागून असलेला शिंदे घाट १८३० च्या सुमारास बायजाबाई शिंद्यांनी बांधवला. तो इतका भरभक्कम होता की स्वतःच्याच भाराने खचला आणि पुढे पुन्हा बांधावा लागला. त्याच्या पायथ्याशी रत्नेश्वराचे मंदिर आजही कललेले दिसते. श्रद्धा कितीही मोठी असली तरी नदीचा काठ ठरावीकच भार पेलतो, हा धडा त्या काठावर दगडातच उभा आहे.

या क्षेत्राचे तीन मूळ प्रश्न आहेत. किती लागते? उरलेले कुठे जाते? आणि ओझे कोण वाहते? पर्यावरणाच्या कोणत्याही अभ्यासात हे तीन प्रश्न येतातच. इथे ते माणसामाणसांतल्या व्यवहाराला विचारले जातात.

पहिला प्रश्न मणिकर्णिकेवर लाकडाच्या वखारीत भेटतो. घाटाच्या वर आणि नावांमध्ये ओंडक्यांच्या राशी रचलेल्या असतात, मोठ्या काट्यांवर लाकूड तोलले जाते, भाव मणावर ठरतो. एका सरणाला साधारण तीन-चार क्विंटल लाकूड लागते. ऐपत असलेले घर त्याहून जास्त घेते, वर चंदनाचे तुकडे घालते. ऐपत नसलेले घर कमी घेते, आणि मग देह पुरता जळत नाही. दोन्ही टोकांना लाकडाचे वजन हे मायेचे माप बनलेले असते. जास्त घेणाऱ्याला ‘वडिलांसाठी काही कमी केले नाही’ असे म्हणायचे असते, कमी घेणाऱ्याला तेच म्हणता न आल्याची बोच राहते.

यावर तंत्रज्ञानाने एक सरळ उत्तर दिले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जवळच्या हरिश्चंद्र घाटावर विद्युतदाहिनी बसली. ती स्वस्त होती, लाकूड वाचवणारी होती. तरी तिच्याकडे मुख्यतः वळले ते ज्यांना सरण परवडत नव्हते ते लोक. हे अडाणीपणा म्हणून सोडून देण्यासारखे नाही. दाहिनीत देह आत सरकवला की घरच्यांचे काम संपते. सरण रचणे, प्रदक्षिणा घालणे, अग्नी देणे, कपालक्रिया करणे, शेवटी खांद्यावरून पाण्याचे मडके मागे टाकून वळून न पाहता निघणे, ही सगळी कामे मुलाच्या हातून गेली. लाकूड वाचले, पण निरोप देण्याची कृतीच उरली नाही. १९९२ साली विनोदकुमार अगरवाल यांनी सुरू केलेल्या ‘मोक्षदा’ या उपक्रमाने वेगळी वाट धरली. जमिनीपासून उंचावर लोखंडी जाळी, खालून हवा खेळायला जागा, वर उष्णता धरून ठेवणारे छत आणि धुराडे. चिता तशीच राहते, विधी तसेच राहतात, लाकूड मात्र निम्म्याहून कमी लागते.

या दोन उदाहरणांच्या तुलनेत या साऱ्या क्षेत्राचा गाभा सापडतो. पर्यावरणाची सवय टिकते ती नात्याचे काम करण्याला जागा ठेवली तर. नात्याचे काम काढून घेणारी बचत लोक वरवर मान्य करतात आणि पहिल्या संधीला टाळतात. म्हणून ‘किती लागते’ या प्रश्नाचे उत्तर केवळ किलोमध्ये देता येत नाही. आधी विचारावे लागते की ते कशासाठी लागते.

हाच प्रश्न स्मशानातून दवाखान्यात नेऊन पाहा. अतिदक्षता विभागात शेवटच्या आठवड्यात होणारा खर्च पुष्कळदा सरणावरच्या जादा लाकडासारखाच असतो. रुग्णाला त्याचा उपयोग नसतो, घरच्यांना ‘काही कमी केले नाही’ असे म्हणता यावे म्हणून तो चालू राहतो. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘कॉमन कॉज’ खटल्यात वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. शुद्धीवर असताना, हातीपायी धड असताना आपल्याला कोणते उपचार नकोत हे लिहून ठेवण्याची ही सोय आहे. कायद्याची भाषा रुक्ष असली तरी त्या कागदामागे घरात एक अवघड संभाषण व्हावे लागते. ते झाले की मुलांना आपली माया बिलाच्या आकड्यात दाखवावी लागत नाही.

दुसरा प्रश्न : उरलेले कुठे जाते? पर्यावरणशास्त्राची सर्वांत मोठी शिकवण हीच, की ‘फेकून दिले’ असे काही नसतेच. जे टाकले ते कुठेतरी पोहोचते. १४ जून १९८६ रोजी वाराणसीत गंगा कृती योजनेचा आरंभ झाला, तेव्हा अर्धवट जळलेल्या देहांच्या अवशेषांचे काय करायचे हा प्रश्न योजनेपुढे होता. त्यावर एक विलक्षण उपाय निघाला. सारनाथला कासवे वाढवून गंगेत सोडायची, म्हणजे ती हे अवशेष खातील. त्यांच्यासाठी १९८९ मध्ये रामनगर किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा सात किलोमीटरचा पट्टा अभयारण्य म्हणून जाहीर झाला. २०२० मध्ये ते अभयारण्य रद्द झाले. नदीचे खरे मोठे दुखणे मात्र पहिल्यापासून शहराचे सांडपाणी हे होते. ते कासवांच्या आवाक्यातले नव्हते.

ते दुखणे आयुष्यभर मोजत राहिलेला माणूस म्हणजे वीरभद्र मिश्र. बनारस हिंदू विद्यापीठात जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक आणि त्याच वेळी संकटमोचन मंदिराचे महंत. त्यांनी १९८२ मध्ये संकटमोचन फाउंडेशन स्थापन केले आणि प्रयोगशाळेत गंगेच्या पाण्याची नियमित तपासणी सुरू केली. जे पाणी त्यांच्या अहवालात स्नानालाही अयोग्य ठरत होते, त्यातच ते रोज पहाटे स्नान करत. ‘गंगा घाण आहे’ असे म्हटले की भाविक दुखावतो आणि ऐकणे थांबवतो, हे त्यांनी ओळखले होते. आईच्या अंगावर मैला टाकला जात आहे असे सांगितले की तोच माणूस उठून उभा राहतो. आकडेवारी त्यांनी कधी सोडली नाही, पण ती नात्याच्या भाषेतून लोकांपर्यंत नेली. २०१३ मध्ये ते गेले. या क्षेत्रातल्या अभ्यासकाला आदर्श हवा असेल तर तो हा आहे.

शोकाच्या अभ्यासातही ‘उरलेले कुठे जाते’ हा वाद शंभर वर्षे चालू आहे. १९१७ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात फ्रॉइडने मांडले की गेलेल्या व्यक्तीत गुंतलेली आसक्ती हळूहळू सोडवून घेणे हे शोकाचे काम. पुढे या कल्पनेचे ‘विसरा आणि पुढे चला’ असे सोपे सूत्र झाले. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी त्याला छेद दिला. नाते तुटत नाही, त्याचे रूप बदलते, आणि ते रूप सापडले की माणूस सावरतो, असे त्यांचे म्हणणे. श्राद्ध, पितृपंधरवडा, दहाव्याला कावळ्याची वाट पाहताना मनातल्या मनात दिलेली आश्वासने हे सगळे आपल्याकडे आधीपासून आहे. त्यातून किती जणांना बळ मिळते आणि किती जण केवळ लोकलाजेने ते करतात, हे मात्र तपासायला हवे. दीर्घ शोकविकाराला आता जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात आणि २०२२ पासून अमेरिकन मनोविकार-सूचीतही स्थान आहे. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, करोनाच्या लाटेत, ज्यांना आपल्या माणसाला खांदाही देता आला नाही, त्यांच्याबाबत हा प्रश्न अजून ताजा आहे.

पश्चिम महाराष्ट्रात अनेक कुटुंबे आता राख नदीत न सोडता शेतात मिसळतात आणि तिथे झाड लावतात. नदी वाचते, आणि आजोबांची जागा नातवंडांना दाखवता येते. त्यातही तपशील महत्त्वाचा. अस्थींच्या राखेत क्षार भरपूर असतात, तिचा बुंध्याशी ढीग केला तर रोपच दगावते. ती थोडी, पसरून, मातीत नीट कालवून घालावी लागते. सद्भावनेला मातीचे ज्ञान लागते, ही या क्षेत्राची आणखी एक शिस्त.

तिसरा प्रश्न सर्वांत अस्वस्थ करणारा आहे. ओझे कोण वाहते? मणिकर्णिकेवर अग्नी काडेपेटीने पेटवत नाहीत. तो डोम समाजाकडे अखंड जपलेल्या अग्नीतून दक्षिणा देऊन घ्यावा लागतो. जगाला मोक्ष मिळवून देणारे हे काम जातीने वाट्याला येते, आणि करणाऱ्याला अस्पृश्यतेचा शिक्काही तिथेच मिळतो. जोनाथन पॅरी यांच्या १९९४ च्या ‘डेथ इन बनारस’ या ग्रंथात घाटावरच्या पाळ्या, हक्क आणि वाटण्या यांचे बारीक चित्र आहे. राजेश जाला यांच्या २००८ च्या ‘चिल्ड्रन ऑफ द पायर’ या माहितीपटात याच घाटावर काम करणारी मुले दिसतात. ही मुले चितेवरच्या मृतदेहांची कफने ओढून घेतात आणि पुन्हा विकतात. कागदावर हा कापडाचा पुनर्वापर आहे. त्याला पर्यावरणस्नेही सवय म्हणण्याची हिंमत कोणी करणार नाही. नीरज घायवान यांच्या २०१५ च्या ‘मसान’ या चित्रपटातला तरुण याच धगीतून बाहेर पडण्यासाठी धडपडतो.

रामचंद्र गुहा आणि जोआन मार्तिनेझ-आलियेर यांनी १९९७ मध्ये मांडले की गरिबांचे पर्यावरण आणि सुखवस्तूंचे पर्यावरण हे एकच प्रकरण नाही. एकाला ते जगण्याचे साधन असते, दुसऱ्याला जीवनशैली. हा भेद घराच्या चौकटीतही लावून पाहावा. कापडी पिशव्या धुते कोण? कचऱ्याचे वर्गीकरण करते कोण? तेराव्यापर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्यांचा स्वयंपाक, अंथरुणाला खिळलेल्या सासूची शुश्रूषा, प्लॅस्टिक टाळायचे म्हणून वाढलेली भांडी? घराने अंगीकारलेल्या ‘हरित’ सवयींचे श्रम बहुतेक वेळा एकाच बाईच्या मनगटांवर येतात. कुटुंबाचे स्वास्थ्य वाढले असे म्हणताना ते कोणाच्या थकव्यावर वाढले, हे विचारल्याशिवाय या क्षेत्रात कोणताही निष्कर्ष पुरा होत नाही.

ओझे वाटून घेण्याचे एक उदाहरण आपल्या जवळ आहे. कोल्हापुरात पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका शेणींवर, म्हणजे गोवऱ्यांवर, विनामूल्य अंत्यसंस्कार करते, आणि गावातली मंडळे आणि नागरिक त्यासाठी शेणी दान करतात. होळी लहान करून उरलेल्या शेणी स्मशानाला द्यायच्या, ही तिथली रीत. शेणींनाही धूर असतो, त्यामुळे हवेचा प्रश्न तिथे संपलेला नाही. परंतु सरणाच्या आकाराने घराची ऐपत मोजली जाण्याचा प्रकार तिथे बंद झाला आहे. ज्याचे नावही माहीत नाही त्याच्या चितेला आपण आधीच हात लावून ठेवलेला असतो. काशीत विकत घ्यावे लागणारे जळण कोल्हापुरात गावाने गोळा केले, आणि त्याबरोबर मर्तिकाचा एकटेपणाही काही अंशी वाटून घेतला.

निरोपाच्या आधीचा काळही या अभ्यासात येतो. काशीवासाला जाणारी माणसे पूर्वी मोजके सामान घेऊन जात. आजही काशी लाभ मुक्ती भवनासारख्या जागी मरणासन्न माणसाला साधी खोली मिळते, मुदत साधारण दोन आठवड्यांची, बरोबर घरची माणसे. ख्रिस्तोफर जस्टिस यांनी १९९७ च्या आपल्या पुस्तकात काशीत मरायला येणाऱ्यांचा आणि त्यांना घेऊन येणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास केला आहे. अलीकडे स्वीडनच्या मार्गारेटा मॅग्नुसन यांनी म्हातारपणी स्वतःच्या हाताने घर रिकामे करण्याच्या तिकडच्या रिवाजावर लिहिले आणि ते पुस्तक जगभर वाचले गेले. आपल्या मागे मुलांना निवारावा लागणारा पसारा कमी करणे ही त्यातली माया आहे. फक्त कपाटे रिकामी करून भागत नाही. कोणाचे देणे राहिले, कोणाशी अबोला राहिला, कोणते कागद कुठे आहेत, हाही पसाराच.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी. पर्यावरणाची परिभाषा नात्यांना लावताना पहिला घोटाळा होतो तो माणसाला कचरा समजण्याचा. ‘विषारी माणसे आयुष्यातून काढून टाका’ हा सल्ला आज सर्रास दिला जातो. छळापासून दूर होणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, त्यात शंका नाही. परंतु म्हातारा, आजारी, चिडचिडा किंवा केवळ कंटाळवाणा माणूस टाकाऊ ठरवायला हीच भाषा वापरली, तर आपण वापरा-आणि-फेका या वृत्तीलाच हिरवा रंग दिला. दुसरा घोटाळा अपराधी भावनेचा. कुटुंबाने तीन क्विंटल लाकूड वापरले म्हणून शोकात असलेल्या मुलाला बोल लावणारा कार्यकर्ता त्या मुलाला आणि जंगलाला, दोघांनाही दुरावतो. तिसरा घोटाळा काशीच्या गोडव्याचा. मणिकर्णिकेच्या तत्त्वज्ञानाने भारावून जाणे सोपे आहे. तिथला धूर रोज छातीत घेणारी माणसे त्या भारावण्यात दिसेनाशी होतात.

मग मोजायचे काय, हा प्रश्न नवा अभ्यासक विचारतो. लाकूड, पाणी, धूर, खर्च हे मोजता येतात आणि मोजायलाच हवेत. त्याबरोबर वर्षभराने घरचे लोक झोपतात का, एकमेकांशी बोलतात का, निरोप नीट झाला असे त्यांना वाटते का, हेही विचारायला हवे. या दोन याद्या शेजारी ठेवून वाचणे ही या क्षेत्राची पद्धत. कथांना इथे पुरावा म्हणून जागा नाही, पण दिशा म्हणून आहे. रामेश्वराला वाहण्यासाठी काशीहून आणलेली गंगेची कावड एकनाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिती केली, अशी कथा मराठी मुले लहानपणीच ऐकतात. ‘पाणी किती लागते’ या प्रश्नाआधी ‘कोणाला लागते’ हा प्रश्न त्या कथेत येऊन जातो.

मराठीत करण्यासारखे काम भरपूर आहे. आपल्या शहरांतल्या विद्युत आणि गॅसदाहिन्या कोणती कुटुंबे निवडतात, का निवडतात, आणि नंतर त्यांना काय वाटते? शेतात राख मिसळणाऱ्या घरांत पुढच्या पिढीचे त्या झाडाशी काय नाते राहते? मुलीने अग्नी दिला त्या घरांत वाटण्या आणि बोलणी बदलली का? परदेशात राहणारा मुलगा दूरध्वनीच्या पडद्यावर अंत्यविधी पाहतो, तेव्हा त्याच्या वाट्याला कोणते काम येते? अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने २०१९ मध्ये देहाचे खतात रूपांतर करण्यास कायद्याने मान्यता दिली. तिथल्या मराठी कुटुंबांना हा पर्याय कसा वाटेल, हे विचारायलाही कोणीतरी निघायला हवे.

ज्याला लगेच सुरुवात करायची आहे त्याला प्रयोगशाळा लागत नाही. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला तिन्ही प्रश्न सवडीने विचारावेत : तुमच्यासाठी काय पुरेसे, मागे राहील त्याचे काय करावे, आणि ते कोणी करावे. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि घरातल्या सगळ्यांसमोर वाचून दाखवावे. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात प्रत्येक वेळी एकाच व्यक्तीचे नाव येत असेल, तर बाकीच्यांनी तिथेच बसून कामे वाटून घ्यावीत. तुमचा अभ्यास तिथून सुरू झालेला असेल.